कोळीवाड्यातला संग्रह, कपाटात बुरा आणि डोक्याला ताप

खाडीकाठचा | १२ जुलै, रात्री १०:४७

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, पहिल्यांदाच धागा काढतोय. सांभाळून घ्या.

ठाणे पूर्वेला चेंदणी कोळीवाड्यात आमच्या आळीतल्या पाच-सहा जणांनी मिळून एक छोटा संग्रह उभा केलाय. संग्रहालय म्हणायची छाती होत नाही, कारण तळमजल्यावरची बारा बाय पंधराची एकच खोली आहे. त्यात घराघरांतून मागून आणलेले सत्तरेक फोटो फ्रेमसकट, मोडीतले कागद, तीन पोथ्या, लग्नपत्रिका, दोन लुगडी, बँडवाल्याचा एक मखमली कोट आणि होडीची हातभर लांब लाकडी प्रतिकृती. खाडी दीड-दोन मिनिटांवर.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, आम्ही सगळे आपापल्या कामाला लागलो आणि खोलीला कुलूप राहिलं. परवा उघडली तर वासानेच मागे सरलो. ओल्या गोणपाटाचा असतो तसा वास. कोटाच्या कॉलरवर आणि बगलेत पांढरी लव, लोणच्यावर बुरा चढतो तशी. एका फोटोत काचेच्या आतून नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटलीय, ती बरोबर नवरीच्या चेहऱ्यावर. पोथीच्या पुठ्ठ्यावर हिरवट-काळे ठिपके. कपाटात बुटांच्या खोक्यातून जमवलेल्या सिलिका जेलच्या पंधरा-वीस पुड्या टाकल्या होत्या, त्यांचा काही उपयोग झालेला दिसत नाही.

गेल्या वर्षीही थोडं झालं होतं. तेव्हा एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं. त्याने झुरळांवर मारतात तसं सगळीकडे फवारलं, फ्रेमांवरसुद्धा. काचेच्या कडेने औषध आत गेलं आणि दोन फोटोंवर कायमचे ओघळ आले. त्यामुळे यंदा हात लावायच्या आधी विचारतोय. कुठलं औषध मारावं? बजेट म्हणाल तर गणपतीच्या वर्गणीतून उरलेले अठरा हजार आहेत.

डिजिटल_बाबू | १२ जुलै, रात्री ११:०५

सगळं स्कॅन करून क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा. कागद आज ना उद्या जाणारच.

नेरुळची मावशी | १२ जुलै, रात्री ११:३१

अरे बाबू, कोट कसा स्कॅन करतोस?

खाडीकाठच्या, पहिलं सांगते, त्या कोटाला ओल्या फडक्याने पुसू नकोस. मी हा शहाणपणा आईच्या पैठणीवर करून बसलेय. आम्ही नेरुळला आलो तेव्हा भिंतीतल्या कपाटात साड्या ठेवायचे. दुसऱ्याच पावसाळ्यात घडीच्या रेघेवर बुरा दिसला. घेतलं ओलं फडकं, खसाखसा पुसलं. वरचं निघालं, पण ते ओलं होऊन धाग्यात शिरलं आणि महिन्याभरात त्याच रेघेवर तपकिरी डाग धरला. तो अजून आहे. आता मी साड्या सुती मलमलीत बांधते, प्लास्टिकच्या पिशवीत कधी नाही. दोन महिन्यांनी घडी मोडून वेगळी घालते, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून चांगलं वीतभर पुढे ओढलंय. एवढ्यानेच पुष्कळ फरक पडला.

औषधाचं जाणकार सांगतील. मी रुमाल टाकून बसते.

कागदकिडा | १३ जुलै, सकाळी ७:५८

मावशींना +१. त्यांनी जे अनुभवाने शोधलंय तेच आम्ही पगार घेऊन सांगत असतो.

मी बेलापूरला राहतो, कागद आणि फोटोंच्या संवर्धनाचं काम करतो. खाडीकाठचे, तुमचा प्रश्न "कुठलं औषध" असा आहे. माझा उलटा प्रश्न आहे, पाणी कुठून येतंय? बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, तुमच्या खोलीत, माझ्या खोलीत, अगदी मोठ्या संग्रहालयातही. त्यांना कुणी हाकलू शकत नाही. पण हवेतली सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर ते नुसते पडून राहतात. ७० च्या पुढे जागे व्हायला लागतात. औषधाने आजची बुरशी मेली तरी खोली ८५ टक्क्यांवर असेल तर पंधरा दिवसांत नवी येणार.

तेव्हा आज इतकंच करा. तीन-चारशे रुपयांचे दोन डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायची यंत्रं) घ्या, एक खोलीत, एक कपाटाच्या आत. मग कपाटामागची भिंत बघा. रंगाला फुगे, पोपडे, पांढरा क्षार आहे का? कळत नसेल तर हातभर प्लास्टिकचा कागद घेऊन चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब प्लास्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला आले तर भिंतीतून ओल येतेय. बाहेरच्या बाजूला आले तर हवेतलं पाणी गार भिंतीवर धरतंय. दोन्हीचे उपाय वेगळे.

बाधित वस्तू बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा. पण अजून झटकू नका. ओली, जिवंत बुरशी घासली की ती पसरते आणि आत बसते. आधी वस्तू सावलीत, पंख्याच्या हवेत, थेट झोत न मारता वाळू द्या. बुरशी वाळली की पिठासारखी होते, मग ती निघते. तेव्हा एन-९५ मास्क, हातमोजे, खोलीच्या बाहेर ओटीवर किंवा गच्चीच्या जिन्यात, मऊ कुंचल्याने स्वतःपासून लांब झाडत जायचं. हेपा फिल्टरचा (अगदी बारीक कणही अडवणारा) व्हॅक्यूम मिळाला तर त्याच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधून कमी ओढीवर. साधा घरगुती व्हॅक्यूम नको, तो एका बाजूने ओढतो आणि दुसऱ्या बाजूने बीजाणू खोलीभर फुंकतो.

उन्हात अजिबात टाकू नका. ऊन बुरशीला मारतं हे खरं, पण फोटो, शाई आणि मखमलीचा रंगही खातं.

पुड्यांबद्दल. सिलिका जेल हवाबंद जागेतच काम करतं. संग्रहालयात पेटीची आर्द्रता धरून ठेवायला घनमीटरला सुमारे २० किलो असा जुना ठोकताळा आहे. तुमचं साधं लोखंडी कपाट असेल पाऊण घनमीटरच्या पुढे. म्हणजे पंधरा-सोळा किलो जेल, तेही दाराला रबर लावून फटी बुजवल्यावर. बुटाच्या वीस पुड्या म्हणजे खाडीत चहाचा चमचा. पोथ्यांसाठी मात्र घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात अर्धा-एक किलो जेल हे जमण्यासारखं आहे. निळं जेल घेऊ नका, त्यातला रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि तो विषारी आहे. नारिंगी मिळतं ते घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतं.

खाडीकाठचा | १३ जुलै, दुपारी १:१२

वाखूसा (वाचनखूण साठवली)! कपाट आत्ता ओढलं. मागे भिंतीवर साधारण घमेल्याएवढा फुगा आहे, बोट लावलं की गिलावा पिठासारखा गळतो. कपाट भिंतीला टेकूनच होतं. प्लास्टिक लावलंय. फोटोंच्या फ्रेमाही त्याच भिंतीवर आहेत हो. काय अवदसा आठवली होती.

नौपाड्याचे अण्णा | १३ जुलै, दुपारी ४:२०

मंडळी, तुमचे आकडे चालू द्या, पण थोडं मागेही बघा. आपल्याच गावात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. तेव्हा कुठला एसी आणि कुठला हायग्रोमीटर? पुस्तकं टिकलीच ना!

आमच्या घरी पोथ्या होत्या. आजी त्या तांबड्या कापडात घट्ट बांधायची, वर लाकडी फळ्या आणि दोरी. त्या कापडाला बासन म्हणत. आज "प्रकरण बासनात गुंडाळलं" म्हणजे गाडून टाकलं असा अर्थ झाला. मूळचं बासन जपण्यासाठी होतं. आत वेखंडाचे तुकडे, कडुनिंबाचा वाळलेला पाला. पोथीच्या शेवटी लिहिणारा बजावून ठेवायचा, तेलापासून मला राख, पाण्यापासून राख, सैल बांधणीपासून राख. सैल बांधणी का, तर सैल पानांत दमट हवा शिरते.

आणि आमच्या शेजारी गुजराती जैन कुटुंब होतं. दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमी म्हणतात ते, ग्रंथ बाहेर काढायचे, पुसायचे, हवा द्यायची, पूजा करायची आणि नवीन बासनात बांधायचे. पावसाळा संपून हवा कोरडी झाल्यावर बरोबर. धर्म म्हणा नाहीतर देखभाल म्हणा.

आमचा बुकबाइंडर खळीत मोरचूद घालायचा, तेही करून बघा.

कागदकिडा | १३ जुलै, सायंकाळी ६:०२

अण्णा, ज्ञानपंचमीचं उदाहरण मी प्रत्येक कार्यशाळेत देतो. जपानात नारा इथे शोसोइन म्हणून आठव्या शतकातलं लाकडी कोठार आहे. तिथला खजिना आता शेजारच्या काँक्रीटच्या कोठारांत हलवलाय, पण तोही वर्षातून एकदाच, शरद ऋतूतल्या कोरड्या दिवसांत उघडून तपासतात.

बासनही उत्तमच. कापड बाहेरच्या आर्द्रतेचे झटके आतपर्यंत पोचू देत नाही. वेखंड, कडुनिंब कसरीसाठी ठीक, बुरशीवर त्यांचा भरवसा नको. पाला नीट वाळलेला नसेल तर त्यालाच बुरशी येते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मोरचूद मात्र नको, हात जोडतो. खळ म्हणजे बुरशीचं जेवण, म्हणून बाइंडर त्यात विष कालवायचे, हे समजतं. पण मोरचुदातलं तांबं कागदाचे तंतू कुजवतं. काही वर्षांनी खळ लावलेली पट्टीच तपकिरी होऊन मोडते.

बुरशीबाई | १३ जुलै, रात्री ९:४०

नावावरून कळलंच असेल. वाशीला एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते.

बुरशी "चढते" असं आपण म्हणतो, पण ती वरवर बसत नाही. तिचे धागे बाहेर पाचकरस सोडतात, कागदातलं सेल्युलोज, खळीतलं पिष्ट, फोटोवरचं जिलेटिन बाहेरच पचवतात आणि मग शोषून घेतात. म्हणजे ठिपका दिसतो तिथला कागद थोडा खाल्लेला असतो. शिवाय काही बुरशी रंग आणि आम्लं सोडतात. म्हणून बुरशी मेली तरी डाग राहतो. मावशींच्या पैठणीचं तेच झालं.

लोकांना वाटतं बुरशीला ओलं-चिंब लागतं. तसं नाही. ॲस्परजिलसच्या काही जाती ७०-७५ टक्क्यांवरही निवांत वाढतात, पाण्याचा थेंब नसताना. वेग मात्र बदलतो. २५ अंशांच्या आसपास, ७० टक्क्यांना दिसायला महिने लागतात, ८० ला आठवडा-दोन आठवडे, ९० ला दोन-तीन दिवस. जुलैतल्या बंद खोलीत किती असेल, तुम्हीच ठरवा.

आता औषध. जुन्या संग्रहालयांत थायमॉलची पेटी असायची. बंद कपाटात खाली बल्ब, त्यावर बशीत थायमॉलचे खडे, वर जाळीवर पुस्तकं. रोज थोडा वेळ बल्ब लावायचा, असं आठवडाभर. थायमॉल म्हणजे काय, तर आपल्या ओव्याला जो वास असतो तो. ऐकायला घरगुती वाटतं, पण त्या वाफेने तैलचित्रांचं वार्निश मऊ पडतं, कागद पुढे पिवळा होऊ शकतो, माणसाच्या डोळ्या-घशालाही त्रास. आणि पेटीतून काढलेलं पुस्तक दमट खोलीत ठेवलं की पुन्हा तेच, कारण वाफ काही पुस्तकात राहून पहारा देत नाही. इथिलीन ऑक्साइड प्रभावी खरं, पण ते कर्करोगकारक आहे, त्याचा घरी विचारसुद्धा नको.

कोटाची बटणं, लाकडी फळ्या, फ्रेमची लाकडं, कपाटाचे खण, इथे ७० टक्के अल्कोहोल चालेल. शंभर टक्क्यांपेक्षा ७० चांगलं, कारण पेशीत शिरायला थोडं पाणी लागतं. फोटोच्या पृष्ठभागावर, मोडीच्या शाईवर आणि पॉलिशवर मात्र नाही.

मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते, दमा उठतो. ज्याला दमा आहे त्याने हे काम करूच नये. झाडताना शिंका आल्या तर "धूळ आहे" म्हणून सोडून देऊ नका.

ऐरोलीचा गारवा | १४ जुलै, सकाळी ९:१५

वातानुकूलनाच्या धंद्यात बावीस वर्षं. अजून कुणी बोललं नाही म्हणून सांगतो, कारण पुढचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देणारच: "एसी बसवा." थांबा!

बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी थेंब धरायला लागतं तो आकडा, साधारण २६ अंशांवर येतो. तुम्ही खोली २३ वर गार केलीत, संध्याकाळी एसी बंद करून दार उघडलंत. बाहेरची हवा आत येते, २३ अंशांची काच, भिंत, पुठ्ठा तिची वाट बघत असतात. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला घाम येतो ना, तसा तुमच्या फोटोला येणार. दिवसा चालू-रात्री बंद असा एसी हा नसण्यापेक्षा वाईट. दुसरं, खोलीच्या मानाने एसी मोठा घेतला की खोली पाच मिनिटांत गार होते, कंप्रेसर थांबतो, पंखा मात्र फिरत राहतो आणि कॉइलवर धरलेलं पाणी परत हवेत सोडतो. हवा गार पण ओली. असं मी एका ग्रंथालयात पाहिलंय, नाव घेत नाही. नवा एसी, नवीकोरी बुरशी.

तुम्हाला लागतो डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून काढणारं मशीन. हिशेब करू. तुमची खोली बारा बाय पंधरा, उंची दहा धरली तर ५१ घनमीटर. २९ अंशांना ८५ वरून ६० टक्क्यांवर आणायचं तर घनमीटरमागे सुमारे ७ ग्रॅम पाणी काढायचं. म्हणजे खोलीभर हवेतलं जादा पाणी साडेतीनशे-पावणेचारशे ग्रॅम फक्त. एका तांब्याच्या आत! पण दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या फटीतून तासाला एकदा सगळी हवा बदलली, तर दिवसाला जवळजवळ ९ लिटर. म्हणून मशीनच्या आधी फटी बुजवा. दाराखाली रबरी पट्टी, खिडकीला फोम, एक्झॉस्टच्या भोकाला झाकण. दिवसाला १२ लिटर म्हणून विकलं जाणारं मशीन ६० टक्क्यांवर कमी पाणी काढतं हेही धरा, म्हणजे २० लिटरचं घ्या. टाकी दिवसातून दोनदा ओतायला माणूस नसेल तर नळी थेट बाहेर काढा. कॅल्शियम क्लोराइडचे ते पांढरे डबे मिळतात, त्यात खाली साठलेलं पाणी सांडलं की लाकूड आणि कागद दोन्ही गेले. कपाटाच्या वरच्या खणात तर कधीच नकोत.

पैसे अजिबात नसतील तर जुनी युक्ती, कपाटात छोटा बल्ब. २७ अंश आणि ८५ टक्के हवा नुसती ३० अंशांवर नेली की आर्द्रता ७१ वर येते. पाणी तेवढंच, पण हवेची ते पेलायची ताकद वाढते. माझ्या आजोबांच्या कॅमेऱ्याच्या पेटीत १५ वॅटचा बल्ब असायचा. पण वायरिंग जुनं असेल आणि आजूबाजूला कागद, तर मी हे कुणाला सुचवणार नाही.

नौपाड्याचे अण्णा | १४ जुलै, सकाळी १०:३३

फटी बुजवा म्हणता! जुन्या वाड्यांना वर झरोके होते, चुन्याचा गिलावा होता, हवा खेळती होती. कोंडलं की कुजतं हे शेंबड्या पोरालाही कळतं.

ऐरोलीचा गारवा | १४ जुलै, सकाळी ११:०८

अण्णा, जुलैत बाहेरचीच हवा ९० टक्के असेल तर ती खेळवून काय मिळणार? मे महिन्यात बोला, मी स्वतः खिडकी उघडतो.

कागदकिडा | १४ जुलै, दुपारी १२:२६

भांडू नका, दोघांचंही बरोबर आहे. मशीन असेल तर खोली बंद. मशीन नसेल तर खोली कोंडू नका, पंखा मंद चालू ठेवा. हवा हलती राहिली की कोपऱ्यात आणि कपाटामागे गार, ओले कप्पे तयार होत नाहीत, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. खिडकी उघडायची की नाही ते बाहेरचा आणि आतला आकडा बघून ठरवायचं. पण त्यालाही अट आहे, बाहेर गार आणि आत गरम असेल तर नुसते टक्के फसवतात. दवबिंदू बघावा लागतो.

चुन्याबद्दल अण्णा पूर्ण बरोबर. चुना इतका अल्कधर्मी असतो की ताज्या चुन्यावर बुरशी टिकत नाही. सरस घातलेला डिस्टेंपर रंग मात्र तिला पोसतो. ती भिंत दुरुस्त केल्यावर वर प्लास्टिकचा रंग न लावता चुना लावा.

खाडीकाठचा | १९ जुलै, रात्री १०:१९

आढावा देतो.

थेंब प्लास्टिकच्या आत आले. भिंतीच्या बाहेर गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप आहे, त्याचा जोड भिंतीच्या अर्ध्यावर उघडा. प्रत्येक सर आमच्या भिंतीतच मुरत होती. प्लंबरने नवीन जोड बसवला, ६५० रुपये. औषधाला अठरा हजार घेऊन निघालो होतो!

हायग्रोमीटर दोन आणले, एक ८१ दाखवतो, दुसरा ८९, शेजारी शेजारी ठेवून. आता कुणाचं खरं?

बुरशीबाई | १९ जुलै, रात्री १०:४४

मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर साधं मीठ, त्यात थेंब-थेंब पाणी, ओल्या वाळूसारखं व्हावं, विरघळू नये. झाकण आणि दोन्ही मीटर हवाबंद पिशवीत किंवा डब्यात, मिठाचा स्पर्श न होता. बारा तास ठेवा. आत बरोबर ७५ टक्के होतं. जो जितका चुकतो तेवढं त्याच्यावर चिकटपट्टीने लिहून ठेवा.

खाडीकाठचा | २० जुलै, रात्री ९:५२

झाली परीक्षा. पहिला ७३, दुसरा ८१. म्हणजे खोली खरी ८३ च्या आसपास. पहिल्यावर "+२", दुसऱ्यावर "−६" लिहिलंय. आई म्हणते घरात मीठ उरलं नाही.

ऐरोलीकरांच्या सांगण्यावरून वापरलेलं डिह्युमिडिफायर अकरा हजारांना मिळालं. फटी बुजवल्या. पहिल्या रात्री सात लिटर पाणी निघालं, दुसऱ्या दिवशी सहा. भिंत अजून ओकतेय म्हणे.

एक मोठी अडचण, नवरीचा तो फोटो. फ्रेम मागून उघडली, पण फोटो काचेला चिकटलाय. पाणी लावून सुटेल का? आजोबांच्या आतेचा आहे, दुसरी प्रत नाही.

कागदकिडा | २० जुलै, रात्री १०:०६

थांबा, हात काढा!

पाणी अजिबात नको. फोटोचा थर जिलेटिनचा असतो, आणि बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळायला लागतं. ओढलंत तर चेहरा काचेवर राहील आणि कागद हातात. काच आणि फोटो एकच वस्तू समजा. काचेची बाहेरची बाजू कोरड्या मऊ कापडाने पुसा, काचेतूनच फोटो काढा किंवा स्कॅन करा, आणि मागे आम्लविरहित पुठ्ठा लावून कोरड्या जागी आडवा ठेवा. सोडवायचाच असेल तर प्रशिक्षित माणसाकडे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल.

पुढे फ्रेम करताना काच आणि फोटोमध्ये माउंटची जाड चौकट घालायला सांगा. आणि भिंतीवर टांगताना फ्रेमच्या मागे चार कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे तुकडे, म्हणजे मागून हवा फिरते.

२६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, माझ्या ओळखीच्या एकांकडे पुस्तकांचं खालचं फडताळ दोन दिवस पाण्यात होतं. त्यांनी काय करावं? सगळी पुस्तकं पातेल्यांसारखी गॅसजवळ रचली. बाहेरून सुकली, आतून हिरवी. भिजलेल्या कागदावर एक-दोन दिवसांतच बुरशी सुरू होते. तेवढ्यात सगळं वाळवणं जमणार नसेल तर पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये टाका. थंडीने बुरशी मरत नाही, पण थांबते, आणि तुम्हाला एकेक पुस्तक निवांत वाळवता येतं. इटलीत १९६६ च्या फ्लॉरेन्सच्या पुरानंतर जगभरातले लोक या विषयाकडे गंभीरपणे बघायला लागले. चकचकीत आर्ट पेपरची पुस्तकं आधी, ती वाळताना विटेसारखी चिकटतात.

डिजिटल_बाबू | २० जुलै, रात्री १०:३०

म्हणजे शेवटी स्कॅनच करायला लावलंत ना :)

नेरुळची मावशी | २० जुलै, रात्री १०:३४

बाबू, स्कॅन करायला जा मग तिकडे. शनिवारी मोकळा असतोस ना?

खाडीकाठचा | २७ ऑक्टोबर, रात्री ८:४१

धागा वर काढतोय.

बाबू खरंच आले होते, स्वतःचा स्कॅनर घेऊन, सलग चार शनिवार. सत्तरपैकी अडुसष्ट फोटो झाले. नवरीचा काचेतूनच केला. नेच्याची नक्षी स्कॅनमध्येही दिसतेय. ती संगणकावर पुसायची नाही असं आळीत ठरलं, थोडी वादावादी झाली त्यावर.

मशीन ऑगस्टभर चाललं, खोली ५८ ते ६३ मध्ये राहिली. गणपतीत लाइट अकरा तास गेली तेव्हा ७४ ला पोचली होती, माझ्या पोटात गोळा. नंतर खाली आली. विजेचं बिल महिन्याला बाराशेने वाढलंय, त्यासाठी आता दर घरामागे वीस रुपये. दोन घरं कुरकुरतात. भिंत सप्टेंबरअखेर सुकली, मग चुना दिला.

कोट वाळवून, कुंचल्याने झाडून, मलमलीत ठेवलाय. कॉलरवर फिका डाग राहिला. पेस्ट कंट्रोलच्या ओघळांचे दोन फोटो तसेच आहेत. दिवाळीनंतर ज्ञानपंचमीला पोथ्यांना नवीन बासन बांधायचं ठरलंय. अण्णा, याल का?

नौपाड्याचे अण्णा | २७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

येतो. तांबडं कापड मी आणतो. आधी धुवून घ्यावं लागेल, नव्या कापडाला कांजी असते.

बुरशीबाई | २७ ऑक्टोबर, रात्री ९:२२

अण्णांना +१. कांजी म्हणजे पुन्हा पिष्टच. आणि पक्क्या रंगाचं कापड बघा, धुताना तांबडा रंग सुटला तर ते पोथीला नको.

नेरुळची मावशी | २७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

कोटाचे खिसे बघितलेस का रे? जुन्या कपड्यांत खिशाच्या शिवणीतच सगळा कचरा आणि ओल धरून बसते.

खाडीकाठचा | २७ ऑक्टोबर, रात्री ९:५८

बघितलं मावशी. आतल्या खिशात विडीचं थोटूक आणि क्लॅरिनेटचं रीड निघालं, टोकाला चिरलेलं. नोंदवहीत याला रकानाच नाही. काय करू?

कागदकिडा | २७ ऑक्टोबर, रात्री १०:०३

फेकू नका. दोन्ही वेगवेगळ्या पाकिटांत, कोटाच्याच क्रमांकाला अ आणि ब लावून. कुठल्या खिशात मिळालं तेही लिहा, डावा की उजवा.

खाडीकाठचा | २७ ऑक्टोबर, रात्री १०:११

डावा.